रेटकाकू आणि दारापुढची जमीन

काकूंना रस्त्यावर गप्प उभं राहता येत नसे. स्वारगेटला सिग्नलची वाट बघत आम्ही दोघी उभ्या असू, समोरून बसेस, रिक्षा, टेम्पो एकमेकांना ढुशा देत चाललेले असत आणि काकू शांतपणे स्वतःच्या चपलांकडे बघून म्हणत, "आपण दोघी आत्ता जेवढ्या जागेवर उभ्या आहोत ना, तेवढी त्या कोपऱ्यावरच्या दुकानात घ्यायची म्हटली तर तुझ्या बाबांना छापखाना विकावा लागेल." मग सिग्नल सुटे आणि त्या पदर खोचून, ही सगळी जमीन आपल्या नावावर असल्यासारख्या रस्ता ओलांडत.

रिक्षात बसल्या तरी तेच. एकदा एका रिक्षावाल्याला त्यांनी सांगितलं, "तुम्ही या शहरातल्या सगळ्यात महागड्या जमिनीवर गाडी चालवताय. जरा रुबाबात चालवा." त्याने आरशातून बघितलं आणि म्हणाला, "मग भाडंही तसंच द्या की, काकू." काकू म्हणाल्या, "जमीन आपल्या दोघांची आहे. रिक्षा तुमची एकट्याची आहे. भाडं मीटरने."

असं जिथे जातील तिथे जमिनीचा रेट सांगायच्या, म्हणून आमची गल्ली त्यांना रेटकाकू म्हणे. तोंडावर नुसतंच काकू. त्यांना हे नाव माहीत होतं आणि त्याचा जरासा अभिमानही होता. आयुष्यभर त्यांनी तेच काम केलं होतं. इंजिनिअर झालेल्या काकू मूल्यांकनकार होत्या. कोणी घरावर कर्ज काढलं, भावाभावांत वाटणी झाली, किंवा एखादी मिळकत कोर्टात गेली की तिची किंमत ठरवायला काकू जात. टेप, चष्मा, उन्हाची टोपी आणि पिशवीत चार चपात्या. अर्ध्या पुण्याच्या भिंतींची किंमत मी ठरवली आहे, असं त्या म्हणत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांचं लक्ष भिंतींवरून उडालं आणि भिंतींच्या बाहेर गेलं.

त्याचं मूळ वाघोलीला होतं. वाघोली अजून गावासारखी होती तेव्हाची गोष्ट. एका शेतकऱ्याचे दोन तुकडे मोजायला त्या गेल्या होत्या. मापाने सारखे, बांधाला बांध लागलेले. एकाला रस्ता होता, दुसऱ्याला नव्हता. काकूंनी रस्त्याकडच्या तुकड्याची जी किंमत लावली, त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढी दुसऱ्याची लावली. शेतकरी चिडला. "बाई, माती तर एकच हाय. दोन्हीकडं ज्वारी सारखीच येती. मग हा फरक कसला हाय?" काकू म्हणाल्या, "दादा, मी मातीची किंमत लावतच नाही. माणूस तिथे चालत जाऊ शकतो, याची लावते." ही गोष्ट त्या मला पुष्कळदा सांगत आणि शेवटी विचारत, "म्हणजे किंमत कुठून आली? रस्त्यातून आली. आणि माझ्या सगळ्या अहवालांत रस्त्याची किंमत किती? शून्य. त्याला रकानाच नाही."

त्यांच्या बाहेरच्या खोलीत आमच्या वसाहतीचा एक नकाशा टांगलेला होता. नकाशांत घरं रंगवतात आणि रस्ते कोरे सोडतात. काकूंनी उलटं केलं होतं. घरं कोरी आणि रस्ते गडद लाल. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो वसाहतीचा नकाशा वाटतच नसे. गॅस सिलिंडर द्यायला आलेल्या माणसाने एकदा विचारलं, "हे लाल काय आहे, नदी?" काकू म्हणाल्या, "नाही. तुमची इस्टेट." तो हसला, पण जाताना परत एकदा वळून बघून गेला. मीही पहिल्यांदा तो नकाशा बघितला तेव्हा हादरले होते. आपण ज्याला उरलीसुरली जागा समजतो ती केवढी पसरलेली असते! आमच्या वसाहतीतली बाग, मैदान, देवळाचं आवार, शाळेचं पटांगण, सगळं एकत्र केलं तरी त्या लाल रंगापुढे अगदी चिमुकलं दिसत होतं.

"भिंतीच्या आतल्या हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात," काकू म्हणत. "बाहेरची ही एवढी मोठी. हिच्यावर सगळ्यांचं नाव आहे, म्हणून कोणी भांडत नाही. जो आधी गाडी आणून उभी करेल त्याची."

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबांचा छोटा छापखाना आमच्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. कामगारांची, विद्यार्थ्यांची, झोपडी पाडली गेलेल्यांची, साऱ्या चळवळींची पत्रकं तिथे छापली गेली, निम्मी उधारीवर. मी अक्षरं शिकले ती उद्गारचिन्हांसकट. त्यामुळे रस्त्याच्या प्रश्नावर पत्रक काढायचं मी ठरवलं, तेव्हा ते कसं झालं असेल याची कल्पना करा. 'रस्ता कुणाच्या बापाचा?' हे शीर्षक. आत भांडवलशाही, मोटारशाही, दंडेलशाही. मोठ्या ऐटीत काकूंना वाचायला दिलं. त्यांनी पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "क्रांतीबाई, आपली गल्ली किती रुंद आहे?"

मला त्या दिवसापासून त्या क्रांतीबाईच म्हणत.

"संताप चांगला आहे," त्या म्हणाल्या. "त्याला लांबी-रुंदी दे. नुसता संताप कुठेही उभा राहतो, गाडीसारखा."

त्याच दुपारी आम्ही टेप घेऊन गल्ली मोजायला बाहेर पडलो. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. आमची गल्ली मुख्य रस्त्यापासून सुरू होते आणि महापालिकेच्या शाळेच्या फाटकाशी संपते. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मधून एक गाडी कशीबशी जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेवरून शाळेची पोरं. पदपथ नाही. नकाशात होता, कागदावर होता, जमिनीवर नव्हता. आम्ही मोजत असताना शेजारच्या इमारतीचे चेअरमन खाली आले. नाकासमोर चालणारे, नियमाने वागणारे गृहस्थ. सोसायटीच्या जिन्यात चप्पल काढली तर नोटीस लावणारे.

"काय काकू, गल्ली विकताय की काय?"

"गेलीच आहे आधी," काकू टेप गुंडाळत म्हणाल्या. "किती गेली ते बघतेय."

चेअरमनांची पांढरी मोटार तिथेच उभी होती. त्यांनी तिच्या टपावरची धूळ उगाचच बोटाने पुसली आणि वर गेले.

दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल बोलण्याआधी काकूंनी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. काकांची एक जुनी मोटार गेटबाहेर कव्हर घालून कित्येक वर्षं उभी होती. काका संस्कृतचे प्राध्यापक होते, निवृत्त, आणि बोलण्यात काकूंच्या वरताण. ते ती गाडी चालवत नसत, फक्त दर रविवारी कव्हर काढून तिच्याकडे बघत.

"अहो, ती गाडी विकू या," काकू म्हणाल्या.

"का? तुला काही करते का ती?"

"एका खोलीची जागा अडवून बसली आहे. भाडं देत नाही."

"मीही अडवून बसलोय. मलाही विकणार?"

"तुम्ही आत बसलाय. आतलं माझ्या विषयात येत नाही."

गाडी विकली गेली. जो माणूस ती न्यायला आला, त्याच्यापुढे काकांनी शेवटचं कव्हर काढलं आणि ते नीट घडी करून घरात नेलं. काकूंनी त्या रात्री शिरा केला, एवढं मला माहीत आहे, कारण दुसऱ्या दिवशी उरलेला मी खाल्ला.

पण रिकामी झालेली जागा एक दिवसही रिकामी राहिली नाही. समोरच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या, अकोल्याहून आलेल्या एका आयटीतल्या मुलाने तिथे आपली नवी गाडी लावायला सुरुवात केली. काकू त्याच्याशी भांडल्या नाहीत. सकाळी तो ऑफिसला गेला की काकूंची सडा-रांगोळीची वेळ असे. त्या दिवशी त्यांनी फाटकाबाहेर जाऊन, गाडीच्या मापाचा मोठा चौकोन काढला आणि त्यात रांगोळीने एक घर मांडलं. एका बाजूला पलंग, पायथ्याशी कपाट, कोपऱ्यात ओटा, ओट्यावर शेगडी, दाराशी मोरी. पलीकडच्या वस्तीत नेमक्या एवढ्याच खोलीत पाचजणांचं कुटुंब राहतं. काकूंनी त्यांच्या खोल्याही मोजल्या होत्या.

संध्याकाळी मुलगा आला. गाडी वळवली आणि थांबला. इंजिन चालू, दिवे चालू, पण चाक पुढे जाईना. रांगोळीवर चाक घालायचं कसं? आपल्याकडे दारची रांगोळी कोणी मुद्दाम तुडवत नाही. तो खाली उतरला, डोकं खाजवत उभा राहिला. मी काकूंच्या पायरीवर बसून हे बघत होते.

"काकू, सॉरी, हे थोडं साइडला... म्हणजे पुसलं तर चालेल का जी?"

"कुणाचं तरी घर आहे," काकू म्हणाल्या. "पुसायचं तर तुझं तू पुस. मला विचारू नको."

त्याने खाली वाकून नीट बघितलं. "हा गॅस आहे का? आणि हे बाथरूम?" मग कडेकडेने पावलं मोजत चौकोनाला एक फेरी मारली. शेवटी म्हणाला, "आमच्या पीजीची रूम याच्यापेक्षा लहान होती, खरं सांगतो." त्याने गाडी मागे घेतली आणि कुठेतरी लांब लावून चालत आला. मग काकूंनी त्याला चहा दिला आणि तो लाल नकाशा दाखवला. त्या मुलासारखा श्रोता त्यांना पुन्हा मिळाला नाही. पुढे महिनाभर काकू गल्लीत रोज वेगवेगळ्या ठिकाणी एक घर मांडत होत्या. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी फोटो काढले, काहींनी झाडू मारला. पण चाक घालायचं धाडस फार थोड्यांनी केलं. मला या प्रकाराचा इतका अभिमान वाटे की कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींना मी पहाटे उठवून बघायला आणत असे.

रांगोळीने प्रश्न विचारता येतो, सोडवता येत नाही, हे काकूंना कळत होतं. म्हणून चेअरमनांनी गल्लीची सभा बोलावली तेव्हा त्या तयारीने आल्या. सभेचा विषय होता दोन्ही बाजूंना गाड्यांसाठी पट्टे आखून घेण्याचा. महापालिकेच्या रस्ते विभागातला एक तरुण अभियंता आला होता. काकू उठल्या आणि म्हणाल्या, पट्टे आखायचे तर आधी शाळेपर्यंत पदपथ आखा. पोरांनी चालायचं कुठून? अभियंता भला होता. तो म्हणाला, "मॅडम, मलाही पाहिजे. पण गल्लीत जागाच नाही. एका बाजूच्या गाड्या काढल्या तर लोक मला इथून जाऊ देणार नाहीत."

"जागा आहे," काकू म्हणाल्या. "भिंतीच्या आत आहे. सगळ्यांनी आपापलं कुंपण थोडं आत घेतलं, तर गाड्याही राहतील आणि पदपथही होईल."

सभेत हशा पिकला. चेअरमन हसले नाहीत. ते म्हणाले, "काकू, तुम्ही आजवर दुसऱ्यांच्या गाड्यांवर बोललात. आता दुसऱ्यांच्या भिंतींवर बोलताय. आधी स्वतःची भिंत आत घ्या, मग आम्हाला सांगा."

"घेते," काकू म्हणाल्या.

त्यांनी हे इतक्या साध्या सुरात म्हटलं की बऱ्याच लोकांना ते ऐकूही गेलं नाही. मला गेलं. आणि मला आधी काका आठवले, कारण ते घर त्यांचं होतं. त्यांच्या वडिलांनी बांधलेला छोटा बंगला. दोघांना मूल नव्हतं. जे होतं ते हेच. आणि कुंपणालगतची ती पट्टी म्हणजे काकांचा दिवस. घरात सगळीकडे शेजारच्या इमारतींची सावली. ऊन येई ते तेवढ्याच पट्टीवर, सकाळी. तिथे त्यांची वेताची खुर्ची असे, खुर्चीत ते, त्यांच्या हातात वर्तमानपत्र आणि बाजूला कढीपत्त्याचं झाड. त्यात एक बिल्डर अधूनमधून फेऱ्या मारत होता. बंगला पाडून इमारत बांधायची तर हातभर जमिनीलाही मोल होतं.

आम्ही घरी आलो. काका खुर्चीतच होते.

"अहो, कुंपण आत घ्यायचं म्हणते."

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "आधी माझी गाडी गेली. आता माझं ऊन. पुढच्या महिन्यात काय आहे?"

"तुम्हाला विचारतेय."

"विचारतेयस की कळवतेयस?"

काकूंनी पिशवी पायरीवर ठेवली. मग त्या म्हणाल्या, "सभेत कळवून आले. पण घर तुमचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर उद्या जाऊन सांगेन, मी खोटं बोलले."

काकांनी वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं. "किती किंमत होते या पट्टीची?"

ते कामच होतं काकूंचं. त्या आत गेल्या, टेप आणली, पट्टी मोजली, खुर्ची बाजूला सरकवून मोजली, कढीपत्त्याच्या बुंध्यामागून मोजली. परक्या माणसाच्या मिळकतीचं करावं तसं चोख. एक पैसाही कमी लावला नाही. मग आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही. पण मी त्यांना तो परत एकदा सांगायला लावला.

काकांनी उठून कढीपत्त्याची दोन सुकलेली पानं खुडली. "एवढी किंमत असेल," ते म्हणाले, "तर फुकटच द्यावी लागेल. एवढे पैसे घेऊन आपण करणार काय, आणखी एक गाडी घेणार? कढीपत्ता मात्र मी देणार नाही. तो आत लाव."

पुढचे काही महिने कार्यालयाच्या पायऱ्या झिजवण्यात गेले. जमीन दिली तर मोबदला मिळतो. काकूंनी तो नाकारला आणि त्याऐवजी अट घातली, की या जमिनीवर फक्त माणसं चालतील. अशी अट बसत कुठे, हा प्रश्न होता. अभियंता म्हणाला, "मॅडम, लोक मोबदला वाढवून मागायला येतात. तुम्ही नको म्हणता, हे लिहायचं कुठे?" काकू म्हणाल्या, "कुठेही लिहा. पण मोबदला घेतला की मी जमीन विकली असं होतं. मग तुम्ही तिथे मोटारी उभ्या करा नाहीतर हत्ती, मला बोलता यायचं नाही. मला बोलायचं आहे." त्या पोराने स्वतः वरपर्यंत खेटे घालून आराखड्यात तेवढी पट्टी पदपथ म्हणून दाखवून घेतली. त्यालाही माझा सलाम.

कुंपण आत गेलं. करड्या फरश्या बसल्या. आणि गल्लीला हसायला नवं निमित्त मिळालं. कारण बाकी कोणी आपली भिंत हलवली नाही. आमच्या गल्लीत एका बंगल्याच्या रुंदीएवढा पदपथ तयार झाला, जो कुठून येत नव्हता आणि कुठे जात नव्हता. लोक त्याला काकूंची धावपट्टी म्हणू लागले. चेअरमनांनी विचारलं, "काय काकू, विमान कधी सुटतंय?"

"तुमची भिंत सरकली की," काकू म्हणाल्या. "सध्या धावपट्टी आखूड पडतेय."

त्या रोज संध्याकाळी त्या पट्टीवर फेऱ्या मारत. टोकाला गेल्या की वळत, परत दुसऱ्या टोकाला. काका आता पायरीवर खुर्ची टाकून बसत. ऊन त्यांच्या गुडघ्यांपर्यंतच येई. "गुडघ्यांनाच गरज आहे," ते म्हणत. मी चिडून जात असे. एवढ्या माणसांत एकालाही लाज वाटू नये? मी एक जहाल पत्रक लिहून नेलं, त्यात चेअरमनांना नाव घेऊन झोडपलं होतं. काकूंनी ते छापू दिलं नाही. म्हणाल्या, "तो माणूस वाईट नाही. त्याला त्याची भिंत दिसते, माझा रस्ता दिसत नाही. मलाही नोकरीत असताना दिसत नव्हता. त्याला शिव्या देशील तर तो भिंतीला आणखी एक थर प्लॅस्टर लावेल."

काकू गेल्या त्या हिवाळ्यात, थोड्याशा आजाराने, फार कोणाला धावपळ करायला न लावता.

सकाळी सगळी गल्ली जमली. शववाहिका मुख्य रस्त्यावर थांबली होती, कारण गल्लीत तिला वळायला जागा नव्हती. तिथपर्यंत खांद्यावर न्यायचं ठरलं. पुढे एका बाजूला अकोल्याचा मुलगा, दुसऱ्या बाजूला चेअरमन. त्यांनी स्वतःहून खांदा दिला. शेजारधर्मात ते कधी चुकले नाहीत. फाटकातून बाहेर पडून काकूंच्या पट्टीवरून चौघेजण सरळ, जोडीजोडीने, न अडखळता चालले. मग पट्टी संपली.

पट्टी संपली तिथे सगळ्यांना खाली रस्त्यावर उतरावं लागलं. समोरून पाण्याचा टँकर येऊन अडकला होता. एका बाजूला टँकर, दुसऱ्या बाजूला कडेला उभी पांढरी मोटार. मधून एक माणूस जाऊ शकत होता. खांद्यावर तिरडी घेतलेली दोन माणसं शेजारी शेजारी जाऊ शकत नव्हती. त्यांनी तिरकं होऊन बघितलं, थोडं मागे येऊन बघितलं. जमेना. मोटार चेअरमनांची होती.

"किल्ली वर आहे," चेअरमन कोणाकडेही न बघता म्हणाले.

सगळे थांबले. टँकरवाल्याने इंजिन बंद केलं. त्या शांततेत काका, हातात मडकं धरलेले, पुढून म्हणाले, "थांबू द्या. तिला आता घाई नाही. ती मोजत असेल."

चेअरमनांच्या बायकोने किल्ली खाली आणली. गाडी काढायला चेअरमनांना खांदा सोडावा लागणार होता आणि त्यांच्या जागी कोणीतरी यायला हवं होतं. मी पुढे झाले. आमच्या गल्लीत बाईने खांदा दिल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. कोणी अडवलं नाही. चेअरमनांनी हळूच लाकूड माझ्या खांद्यावर टेकवलं, बसलं ना असं नजरेने विचारलं, आणि ते गाडीत जाऊन बसले. गाडी लावायला जवळपास कुठेच जागा नव्हती. ते ती मुख्य रस्त्यापलीकडे कुठेतरी सोडून चालत आले, तोवर आम्ही वाहिकेपाशी पोचलो होतो. पुढचा सगळा वेळ ते मागे मागेच राहिले.

काकूंचं ओझं फारसं नव्हतं. पण आयुष्यात मी कुठलीही गोष्ट इतक्या ताठ मानेने उचललेली नाही.

चेअरमनांच्या सोसायटीच्या सभेत पुढे काय झालं ते मला ऐकूनच माहीत आहे. वादावादी झाली म्हणतात, दोनदा सभा तहकूब झाली म्हणतात. उन्हाळ्यात एके दिवशी त्यांच्या इमारतीची भिंत फोडायला माणसं आली. काकूंनी मागितली होती त्याहून जरा कमीच जागा त्यांनी दिली. मी आभार मानायला गेले, तर चेअरमन म्हणाले, "काकूंचा काही संबंध नाही. भिंतीला भेगा पडल्याच होत्या." मी बरं म्हटलं. काकूंनी शिकवलं होतं तसंच.

आता ती पट्टी दोन घरांएवढी झाली आहे. पुढच्या तीन मालकांशी बोलणं चालू आहे. एकाने शिवी दिली, एकाने चहा दिला, एक विचार करून सांगतो म्हणाला. अभियंत्याची बदली झाली. त्याच्या जागी आलेल्या बाईंना मी लाल नकाशा दाखवून आले. तो काकांनी मला दिला आहे आणि आता छापखान्यात टांगलेला असतो. पत्रकं छापायला येणारे आधी तो काय आहे ते विचारतात.

छापखान्याच्या दारातून ती पट्टी दिसते. शाळा सुटायच्या वेळी पलीकडच्या वस्तीतली एक बाई आपल्या लहान मुलीला न्यायला येते. शाळेच्या फाटकापासून ती मुलीचं मनगट घट्ट धरून, गाड्यांच्या मधून, स्वतः रस्त्याच्या बाजूला राहून तिला जवळजवळ ओढत आणते. फरश्या लागल्या की ती हात सोडते. मुलगी पुढे पळते, मागे येते, एका पायावर उड्या मारते, आईला काहीतरी सांगत राहते. आई एवढा वेळ मोकळ्या हातांनी चालते, कधी पदर सारखा करते, कधी नुसतीच चालते. मग फरश्या संपतात आणि ती पुन्हा मुलीचं मनगट धरते.